चिंचोक्यांमागचा इतिहास

बोरिवलीतल्या आपल्या बालवर्गात बाई चिंचोके मोजायला देत, पानांचे ठसे काढायला लावत. आपल्याला तो नुसता खेळ वाटे. पण अशा खेळांमागे मोठी खटपट आहे. १९२६ साली गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. माँटेसरीची साधने महाग. मग गरिबाच्या मुलाने काय करायचे? १९४५ मध्ये ताराबाई घोलवडजवळच्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे यांचीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये काम कोसबाडला हलले; तिथे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. मित्रहो, नातवंडांना महागडी खेळणी घेण्याआधी मूठभर चिंचोके देऊन पाहा.