कोपनहेगनचा दिवा आणि चेहऱ्यावरचा क्षय

क्षय म्हटला की खोकला, छाती आणि खंगत जाणारे शरीर डोळ्यांपुढे येते. पण हा रोग चेहऱ्यावरही घर करतो. नाकाजवळ किंवा गालावर तांबूस-तपकिरी पुरळ उठते, ते हळूहळू पसरत जाते, मधली कातडी आक्रसून व्रण पडतात. वेळीच उपचार झाले नाहीत तर नाकाची आणि कानाची कूर्चाही झडू लागते. वैद्यकात त्याला ‘ल्युपस व्हल्गॅरिस’ म्हणतात. तो अनेकदा लहान वयात सुरू होई आणि जिवावर क्वचितच बेते. त्यामुळे रोगी दहा-दहा, वीस-वीस वर्षे तो लाल, विद्रूप चेहरा घेऊन जगत. दुकानात, कारखान्यात, घरकामाला कोणी त्यांना ठेवून घ्यायला तयार नसे. बायका चेहरा झाकून वावरत. पुष्कळांनी माणसांत जाणेच सोडून दिले होते.

डॉक्टरांच्या हाती जे उपाय होते, तेही चेहऱ्याच्या मुळावर येणारे होते. धारदार चमच्याने कातडी खरवडायची, तापल्या सळईने डाग द्यायचा, दाहक रसायने लावायची किंवा तेवढा भागच कापून काढायचा. रोग काही दिवस दबे, व्रण मात्र कायमचे राहत. 1882 मध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू शोधला आणि 1890 मध्ये ट्यूबरक्युलिन हे औषध पुढे आणले, तेव्हा ल्युपसच्या रोग्यांना मोठी आशा वाटली. ते टोचल्यावर चेहऱ्यावरचे चट्टे लालभडक होऊन सुजत, काहींना थोडा उतारही पडे. पण रोग परत उलटे, आणि ती आशा लवकरच मावळली.

उपाय निघाला तो कोपनहेगनमध्ये, एका आजारी माणसाच्या डोक्यातून.

नील्स फिन्सेनचा जन्म 1860 सालचा, फॅरो बेटांवरच्या टोर्सहाउन गावातला. कुटुंब मूळचे आइसलंडचे. शाळा रेक्याविकमध्ये झाली, पुढे कोपनहेगनला येऊन त्याने 1890 मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. विद्यार्थिदशेतच त्याला एका दुखण्याने गाठले होते. हृदयाभोवतीचे आवरण घट्ट होत जाई, यकृत बिघडे आणि पोटात पाणी साठे. ते पाणी पुन्हा पुन्हा काढावे लागे. उत्तरेकडच्या लांबलचक काळोख्या हिवाळ्यांत वाढलेल्या या तरुणाला उन्हात बसले की बरे वाटे. उन्हाचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो, या प्रश्नाने त्याला झपाटले.

त्याचे सुरुवातीचे कामही चेहऱ्याशी निगडित होते. देवीच्या रोग्यांच्या खोलीत फक्त लाल उजेड येऊ दिला तर चेहऱ्यावर व्रण कमी पडतील, असे त्याने 1893 मध्ये मांडले. ती पद्धत पुढे टिकली नाही. पण त्या विचारातून तो उलट्या प्रश्नाकडे वळला. निळ्या-जांभळ्या किरणांनी कातडीवर इतका परिणाम होत असेल, तर त्यांनी रोगजंतू मारता येतील का?

अडचण होती रक्ताची. हे किरण रक्तात शोषले जातात आणि कातडीत खोलवर पोचत नाहीत. फिन्सेनने पत्नीच्या कानाच्या पाळीमागे फोटोचा कागद धरून प्रकाश टाकून पाहिला. कागदावर फारसे काही उमटले नाही. मग तीच पाळी दोन काचांमध्ये दाबून त्यातले रक्त बाजूला सारले, तेव्हा कागद झटकन काळा पडला. पुढच्या सगळ्या उपचाराचे तत्त्व त्याला इथेच सापडले. कातडी दाबून धरायची आणि मग तिच्यावर प्रकाश सोडायचा.

1895 च्या नोव्हेंबरात पहिला प्रयोग झाला तो दवाखान्यात नव्हे, तर कोपनहेगनच्या वीज कारखान्यात. प्रखर दिव्याला लागेल एवढी वीज तिथेच होती. रोगी होता एक इंजिनियर. बरीच वर्षे त्याच्या चेहऱ्यावर ल्युपस होता आणि कोणताही उपाय लागू पडला नव्हता. काही महिन्यांत त्याचा चट्टा निवळला. 1896 मध्ये फिन्सेन संस्था उभी राहिली. हागेमान आणि योर्गेन्सेन या दोन धनिकांनी तिला हातभार लावला.

त्या संस्थेतले काम फार चिकाटीचे होते. मध्यभागी कार्बनचा प्रखर विजेचा दिवा, आणि त्यापासून दुर्बिणीसारख्या चार नळ्या चार दिशांना उतरत. नळ्यांत स्फटिकाची भिंगे आणि उष्णता शोषून घ्यायला पाणी. प्रत्येक नळीखाली एक रोगी आडवा आणि त्याच्याशेजारी एक परिचारिका. थंड पाणी खेळवलेले छोटे भिंग ती रोग्याच्या गालावर दाबून धरी, म्हणजे तेवढ्या जागेतले रक्त हटे आणि कातडी भाजतही नसे. एका बैठकीत जेमतेम नाण्याएवढी जागा उजळून निघे, आणि त्यालाही तास-सव्वा तास लागे. दुसऱ्या दिवशी शेजारची जागा. पूर्ण चेहऱ्याला कित्येक महिने लागत, काहींना वर्षेही. परगावचे रोगी त्यासाठी कोपनहेगनला मुक्काम ठोकून राहत.

गुण येई तो मात्र डोळ्यांना दिसणारा असे. पहिल्या काही वर्षांत संस्थेने आठशेच्या वर ल्युपसचे रोगी तपासून उपचार केले आणि त्यांतल्या बहुतेकांना फायदा झाला. उपचारापूर्वीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवलेले असत. खरवडलेल्या, डागलेल्या चेहऱ्यांच्या मानाने इथले व्रण मऊ आणि सपाट होते.

1900 मध्ये डेन्मार्कचीच राजकन्या असलेल्या, तेव्हा इंग्लंडच्या युवराज्ञी आणि पुढे राणी झालेल्या अलेक्झांड्राने असा दिवा लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या लंडन हॉस्पिटलला भेट दिला. ती वस्ती गरिबांची. तिथल्या रुग्णालयात पुढे प्रकाशोपचाराचा स्वतंत्र विभाग चालू झाला. रुग्णालयाच्या आवारातल्या राणीच्या पुतळ्यावर या उपचाराचे दृश्य ब्राँझमध्ये कोरलेले आहे.

1903 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फिन्सेनला मिळाले. तोवर तो चाकाच्या खुर्चीला खिळला होता. पारितोषिकाच्या रकमेतला मोठा वाटा त्याने संस्थेला दिला. 24 सप्टेंबर 1904 रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. शेवटच्या दिवसांतही तो आपल्या खाण्यातल्या मिठाच्या आणि पाण्याच्या नोंदी ठेवत होता.

या दिव्याने नेमके काय होत होते, याचा उलगडा शंभर वर्षांनी झाला. 2005 मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी फिन्सेनची जुनी भिंगे आणि गाळण्या तपासल्या. जंतू थेट मारणारे अतिनील किरण त्यांतून पार होतच नव्हते. क्षयाच्या जंतूंत पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. पोचणाऱ्या प्रकाशाने ती उद्दीपित होऊन जंतूंना घातक ठरत असावीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. फिन्सेनची उपपत्ती अपुरी होती, पण चेहरे खरोखरच सुधारले होते.

नावात ल्युपस असलेला दुसरा एक आजार आहे, आणि त्याची प्रकाशाशी नेमकी उलटी गाठ आहे. फ्रेंच वैद्य काझनाव्ह याने 1851 च्या सुमारास त्याला ‘ल्युपस एरिथेमाटोसस’ म्हटले. व्हिएन्नाच्या हेब्राने त्याच्या पुरळाला फुलपाखराची उपमा दिली. नाकावर धड आणि दोन्ही गालांवर पसरलेले लाल पंख. 1872 मध्ये कापोसीने दाखवून दिले की हा रोग कातडीपुरता राहत नाही, सांधे आणि आतले अवयवही त्याच्या तावडीत सापडतात. तो क्षयाचाच प्रकार असावा असे कित्येक दशके मानले जाई. प्रत्यक्षात तो जंतूंचा रोग नाही. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच पेशींवर उठते, आणि ऊन लागले की पुरळ भडकते. याच्या उपचारात हिवतापावरची औषधे कामी आली. लंडनच्या पेनने 1894 मध्ये क्विनीन वापरून पाहिले, 1951 मध्ये पेजने मेपाक्रीनचे चांगले अनुभव नोंदवले, आणि आज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही या रुग्णांची रोजची गोळी आहे. 2020 मध्ये करोनावरचा उपाय म्हणून तिच्यावर झुंबड उडाली, तेव्हा हाल झाले ते याच रुग्णांचे.

ल्युपस व्हल्गॅरिसवरचा दिवा स्ट्रेप्टोमायसिन आणि 1952 मध्ये आलेले आयसोनियाझिड या क्षयावरच्या औषधांमुळे विझला. युरोपात हा रोग आता दुर्मीळ झाला आहे. भारतात तो आजही दिसतो, आणि कातडीच्या क्षयाच्या प्रकारांत प्रौढांमध्ये तोच अधिक आढळतो. फरक इतकाच की आता सहा महिन्यांच्या गोळ्यांनी तो बरा होतो आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तरीही गालावरचा चट्टा गजकर्ण समजून मलमे चोळण्यात लोकांची वर्षे जातात.

गालावरचा लाल चट्टा महिनोन्महिने हटत नसेल, हळूहळू पसरत असेल किंवा उन्हात वाढत असेल, तर औषधाच्या दुकानातून मलम आणण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. घरात कुणाच्या चेहऱ्यावर असा चट्टा असेल तर त्याला लग्नकार्यापासून आणि चारचौघांपासून दूर ठेवू नका. त्याला घेऊन दवाखान्यात जा.