लेझमीचे वर्तुळ

श्रोतेहो, दर्यापूरकडच्या एखाद्या शाळेचे पटांगण डोळ्यांपुढे आणा. ढोल वाजतो आहे, पोरे हाती लेझीम घेऊन गोल धरताहेत. या नाचात भूमिती कुठली, असे कुणी विचारील. तर पहा!

मधोमध खुंटी ठोका. तिला दहा हात दोर बांधून फिरवा नि चुन्याची रेघ ओढा. आता त्या रेघेवर, तोच दोर मापून, दहा दहा हातांवर मुले उभी करा. बरोबर सहाच मावतात, आणि सहाव्यापासून पहिलाही दहा हातांवरच येतो. षट्कोन झाला! सर्वांनी मध्याकडे सारखेच पाऊल टाकले, की वर्तुळ लहान होते, पण मोडत नाही. एकजण जरी चुकला, तरी आकृती बिघडते.

अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्याचे पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेले आणि कबड्डीसह आपले देशी खेळ त्याने तिथे दाखविले. त्याच वर्षी, त्याच शहरात रुडॉल्फ लाबान नावाचा नृत्याचार्य सुमारे हजार माणसांचा समूहनाच बसवीत होता. माणसाभोवती वीस बाजू नि बारा कोपरे असलेली एक घनाकृती कल्पावी आणि हातपाय त्या कोपऱ्यांकडे न्यावेत, अशी त्याची शिकवण. तो तेव्हा हिटलरच्या राजवटीतच काम करी. पण रंगीत तालीम पाहून मंत्री गोबेल्स याने तो नाच बंद केला. राजवटीच्या प्रचाराला तो उपयोगी दिसला नाही. पुढे लाबानने देश सोडला आणि इंग्लंडात आश्रय घेतला.

यातून आपण काय घ्यावे? रेघ तीच असते. ती कुणासाठी आखली, हा खरा प्रश्न. पाहुण्यांच्या खुर्च्यांसमोर रांगा लावल्या, की चुकणारे पोर मागल्या रांगेत ढकलले जाते. मीही लहानपणी तिथेच उभा असे. लेझीम हाती होती, पण शिकलो काहीच नाही. वर्तुळाला मागली रांग नसते. प्रत्येकजण मध्यापासून सारख्याच अंतरावर.

म्हणून गुरुजनहो, येत्या राष्ट्रीय सणाला आधी खुंटी नि दोर मुलांच्याच हाती द्या. रेघ त्यांनाच ओढू द्या. आणि ज्याचा पाय चुकतो, त्याला पहिल्याने गोलात घ्या. त्रिज्या म्हणजे काय, हे त्याला फळ्यापेक्षा तिथे लवकर कळेल.