घंटांची साक्ष

इतिहास केवळ बखरींत व दप्तरांत सांपडतो असें नाहीं; नित्य कानीं पडणारी घंटाही त्याची साक्ष देते. इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं पोर्तुगीजांकडून वसई घेतली. तेथील ख्रिस्तमंदिरांच्या घंटा विजयचिन्हें म्हणून मराठी मुलुखांत नेण्यांत आल्या. नाशिक येथें गोदातीरीं इ. स. १७४७ त बांधलेल्या नारोशंकराच्या देवालयाच्या घंटेवर १७२१ हें साल आहे. वाईजवळ मेणवली येथें कृष्णेच्या घाटावरील घंटेवर १७०७ हें साल असून, बाळ येशूसह पवित्र मरियेची आकृतिही आहे.

घंटांचें कांसें वितळवून तोफा ओतण्याची चाल त्या काळीं युरोपांतही होती. या घंटा मात्र वितळविल्या गेल्या नाहींत, व मरियेची आकृति कोणीं खरवडलीही नाहीं. लुटीचें दुःख खरें, तसेंच हें जतनही खरें. आमच्या मतें इतिहास लिहिणारानें दोन्ही सांगावीं.

म्हणून, वाचकहो, आपल्या गांवच्या घंटेवर, क्रूसावर वा थडग्यावर कांहीं अक्षरें असतील, तर रंगाचा नवा हात देण्यापूर्वीं तीं उतरून घ्यावीं, अशी आमची विनंती आहे.