मृतांस मूठमाती : सदरलँडचे नऊ जण

मृतांना पुरणे हे ख्रिस्तसभेने शिकविलेल्या सात शारीरिक दयाकृत्यांपैकी एक होय. तोबिताने स्वतःचा जीव धोक्यात घालून देशबांधवांची प्रेते पुरली, हे आपण पवित्र शास्त्रात वाचतो. परंतु पुरलेले मृतच कबरींतून उकरून संग्रहालयात ठेवले गेले तर? दक्षिण आफ्रिकेसमोर आज हा प्रश्न उभा आहे.

वसाहतकाळात कवटीच्या मापांवरून मानववंशांची उच्चनीचता ठरविता येते, अशी समजूत होती. त्यापायी सान व खोईखोई या मूळ रहिवाशांचे सांगाडे युरोपातील तसेच आफ्रिकेतील संस्थांनी जमविले. जोहान्सबर्ग येथील विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या रेमंड डार्ट संग्रहात २,५०० हून अधिक सांगाडे आहेत. त्यांतील पुष्कळ सांगाडे इस्पितळांत वारलेल्या बेवारस गरिबांचे आहेत. कायद्याची त्यास मुभा होती. मृतांची संमती मात्र घेतलेली नव्हती.

केप टाऊन विद्यापीठाने २०१७ साली आपला संग्रह तपासला, तेव्हा ११ सांगाडे अनैतिक मार्गाने आल्याचे आढळले. त्यांपैकी ९ सदरलँड परिसरातील क्रुइसरिव्हिर या शेतमळ्यावरचे होते. तेथील मजुरांच्या कबरी उकरून एका वैद्यकीय विद्यार्थ्याने १९२० च्या दशकात ते विद्यापीठास दिले होते. कॉर्नेलियस अब्राहम, क्लास स्टुरमन अशी काहींची नावेही नोंदलेली होती. नाव ठाऊक असूनही माणूस केवळ नमुना ठरला, ही बाब आम्हांस अधिक क्लेशदायक वाटते.

विद्यापीठाने वंशजांचा शोध घेऊन क्षमा मागितली. आपले पूर्वज कसे जगले हे जाणून घेण्याची इच्छा वंशजांनी व्यक्त केली. तेव्हा त्यांच्या संमतीने संशोधन झाले, हाडांवर कष्टांच्या खुणा आढळल्या आणि कवट्यांच्या आधारे चेहरेही साकारण्यात आले. पुढे २६ नोव्हेंबर २०२३ रोजी सदरलँड येथे नऊही जणांना पुन्हा मूठमाती देण्यात आली. दरम्यान, अशा अवशेषांच्या परतीसाठी दक्षिण आफ्रिकेने २०२१ मध्ये राष्ट्रीय धोरणही स्वीकारले होते.

विज्ञान व श्रद्धा यांचे येथे वैर नाही. तेच सांगाडे, तेच शास्त्र; परंतु आप्तांना विचारले गेले आणि अभ्यासाला आदराची जोड मिळाली. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, असे आपण मानतो. नोव्हेंबर महिन्यात आपल्या मृतांसाठी प्रार्थना करताना, अद्याप कपाटांत पडून असलेल्या या अनामिकांचेही आपण स्मरण करू या.