पाळीच्या पंचांगातली चूक आणि डॉक्टर ओगिनो

१/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मूल होत नसलेले जोडपे युरोपातील डॉक्टरकडे गेले, तर त्यांना बहुधा पाळीच्या लगतचे दिवस साधण्याचा सल्ला मिळे. सल्ला प्रामाणिक होता, तत्कालीन शास्त्राला धरून होता आणि साफ चुकीचा होता. ही चूक कशी झाली आणि ती कोणी दुरुस्त केली, त्याचा हा इतिहास.

२/ लेव्हेनहुकने 1677 साली सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रजंतू पाहिले. स्त्रीबीज दिसायला मात्र आणखी दीडशे वर्षे लागली. 1827 मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने कुत्रीच्या बीजकोशात सस्तन प्राण्याचे बीज प्रथम ओळखले. आता पुढचा प्रश्न उभा राहिला: स्त्रीच्या शरीरात हे बीज नेमके कधी सुटते?

३/ उत्तर शोधताना अभ्यासकांनी पुन्हा कुत्रीकडेच पाहिले. कुत्री माजावर येते तेव्हा तिला रक्तस्राव होतो आणि त्याच सुमारास बीजही सुटते. स्त्रीलाही रक्तस्राव होतो. तेव्हा तिचेही बीज पाळीच्या सुमारासच सुटत असणार, असा निष्कर्ष निघाला. वस्तुतः हे दोन रक्तस्राव सर्वस्वी भिन्न आहेत. स्त्रीची पाळी ही गर्भ न राहिल्यामुळे गळून पडणाऱ्या गर्भाशयाच्या अस्तराची खूण आहे.

४/ या चुकीचे परिणाम घराघरांत भोगले गेले. दोन पाळ्यांमधला काळ ‘निर्धोक’ समजून वागणाऱ्या स्त्रियांना नको असताना दिवस जात; ज्यांना मूल हवे होते, त्यांचे नेमके मोलाचे दिवस निसटत. दोष मात्र शास्त्राला लागत नसे. मराठीत ‘वांझ’ हा शब्द शिवीसारखा बाईलाच चिकटला. पुरुषासाठी तसा शब्द रोजच्या बोलण्यात रुळलाच नाही.

५/ भारतीय परंपरेत ‘ऋतुकाल’ ही कल्पना जुनी आहे. मनुस्मृतीत तो पाळी सुरू झाल्यापासून सोळा रात्रींचा सांगितला असून, त्यातल्या पहिल्या चार वर्ज्य मानल्या आहेत. ही मोजणी मागच्या पाळीपासून पुढे जाणारी आहे. ज्या स्त्रीचे चक्र लांब असते, तिच्या बाबतीत ती फसते.

६/ कोडे सुटले ते जपानमध्ये. क्युसाकू ओगिनो (1882–1975) हे निगाता शहरातील एका रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ होते. पोटाची शस्त्रक्रिया करताना ते बीजकोशाची अवस्था बारकाईने नोंदवीत आणि ती त्या स्त्रीच्या पाळीच्या तारखांशी ताडून पाहत.

७/ 1924 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: बीज पुढच्या पाळीच्या 12 ते 16 दिवस आधी सुटते. मोजणीची दिशाच त्यांनी उलटी केली. 28 दिवसांच्या चक्रात हा काळ तेराव्या ते सतराव्या दिवशी येतो. 35 दिवसांच्या चक्रात विसाव्या ते चोविसाव्या. चक्र लांबते ते मुख्यतः बीज सुटण्यापूर्वीच्या टप्प्यात. नंतरचा टप्पा त्यामानाने स्थिर असतो.

८/ ऑस्ट्रियातील हेरमान क्नाउस यांनीही 1928 मध्ये स्वतंत्रपणे असेच अनुमान काढले. जगाने या शोधाला ‘ओगिनो-क्नाउस पद्धत’ म्हटले आणि तो गर्भ टाळण्यासाठी वापरला. ओगिनोंना ते पसंत नव्हते. पुढची पाळी कधी येईल हे आधी नक्की ठाऊक नसते. मग तिच्यापासून मागे मोजलेले दिवस बिनचूक कसे ठरतील?

९/ असे ज्ञान मराठीत छापणेही त्या काळी सोपे नव्हते. ओगिनोंच्याच वर्षी, 1882 साली, जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, दंड झाला. मासिक मात्र कर्वे यांच्या मृत्यूपर्यंत, 1953 पर्यंत, निघत राहिले.

१०/ बीज सुटण्याची वेळ कळल्यावाचून पुढचे संशोधन अशक्य होते. 1944 मध्ये जॉन रॉक आणि मिरियम मेन्किन यांनी अमेरिकेत मानवी बीज शरीराबाहेर फलित केल्याचे जाहीर केले. त्यासाठी शस्त्रक्रियेचा दिवस पाळीवरून आधी ठरवावा लागे. 1978 मध्ये इंग्लंडमध्ये पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले. 1986 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून असेच बाळ जन्माला आले.

११/ आज मोबाइलमधले पाळीचे अ‍ॅप जे दिवस दाखवते, त्यामागे मूलतः ओगिनोंचेच गणित असते. ते अंदाज देते, खात्री नव्हे. अनियमित पाळीत तर अंदाजही डळमळतो. शिवाय गर्भ न राहण्याचे कारण पुरुषात, स्त्रीत किंवा दोघांतही असू शकते. म्हणूनच वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर तपासणी दोघांची करतात. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असेल, तर सहा महिन्यांनीच. पतीची तपासणी साधी आणि स्वस्त असते. तरीही अनेक घरांत ती सर्वांत शेवटी होते.