गाजराची वाट

मी कवी माणूस. भाजी हातात घेण्याआधी माझा कान तिच्या नावाकडे जातो. आपण गाजर म्हणतो, फारसीत गझर, अरबीत जझर. ही नावं ऐकली की एकाच घरातली भावंडं वाटतात.

भाजीचं माहेरही त्याच बाजूला. हजारेक वर्षांपूर्वी इराण-अफगाणिस्तानच्या परिसरात जांभळी आणि पिवळी गाजरं पिकत होती. तिथून ती पूर्वेला आपल्याकडे आली आणि पश्चिमेला अरबांबरोबर स्पेनपर्यंत गेली. बाराव्या शतकात सेव्हिलच्या इब्न अल-अव्वाम यांनी आपल्या शेतीच्या ग्रंथात गाजराची नोंद केली आहे.

मग नारिंगी रंग कुठला? तो रुजला हॉलंडमध्ये, सोळाव्या-सतराव्या शतकांत. तिथल्या ऑरेंज राजघराण्याच्या सन्मानासाठी तो मुद्दाम घडवला, ही गोष्ट गोड आहे. पण तिला पुरावा नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून तो पक्का केला. या रंगाचं द्रव्य जर्मनीच्या वाकेनरोडर यांनी १८३१ मध्ये वेगळं केलं. गाजराच्या लॅटिन नावावरून ते झालं कॅरोटीन.

आपल्या हिवाळी लाल गाजराचा रंग लायकोपीनचा, म्हणजे टोमॅटोचाच. युरोपीय गाजराला बी धरायला कडक थंडी लागते. देशी गाजर मैदानातही बी देतं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं देशी लाल आणि फ्रान्सचं नान्त यांच्या संकरातून ‘पुसा केसर’ हा वाण काढला. दुरावलेले दोन चुलते पुन्हा एका वाफ्यात आले.

खरी कसोटी मात्र काढणीनंतर. गाजरात सुमारे ८८ टक्के पाणी असतं. पाला तसाच ठेवला तर तो मुळातलं पाणी ओढून घेतो आणि गाजर लिबलिबीत होतं. पाला काढून शून्य अंशाजवळ, भरपूर ओलाव्यात ठेवलं तर तयार गाजर सहा-सात महिने टिकतं. सफरचंदांशेजारी मात्र ठेवू नये. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं गाजर कडू होतं.

ज्याच्या हाताशी शीतगृह आहे, तो भावाची वाट पाहू शकतो. ज्याच्या नाही, त्याला मिळेल त्या भावाला माल सोडावा लागतो. गाजराची पुंगी वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असं आपण सहज म्हणतो. पण गाडीभर गाजरं घेऊन बाजारात उभ्या असलेल्या शेतकऱ्यानं किती मोडून खावीत?