तलवार गेली, चहा उरला

जपानी चहाविधीची लाकडी ठशांनी छापलेली चित्रे पाहिली की ती फार जुन्या काळातली असावीत, असे वाटते. किमोनो नेसलेल्या स्त्रिया, वाफाळणारे पाणी, बांबूच्या घुसळणीने फेसाळलेला हिरवा चहा. पण यातली मिझुनो तोशिकाता या चित्रकाराची प्रसिद्ध मालिका १८९६-९७ मधली आहे. तेव्हा टोक्योत आगगाडी सुरू होऊन वीस वर्षे उलटली होती.

या चित्रांत स्त्रिया आहेत, हीच इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे. त्याआधीची तीन शतके चहाविधी हे मुख्यतः पुरुषांचे जग होते. सरदार, सामुराई, भिक्षू आणि धनिक व्यापारी त्यात रमत. चहाघराचे दार इतके ठेंगणे असे की सामुराईला तलवार बाहेर ठेवून, वाकून आत शिरावे लागे. आत सगळे समान, अशी कल्पना होती. तरीही या कलेचा महागुरू सेन नो रिक्यू याला १५९१ मध्ये राज्यकर्ता हिदेयोशीच्या हुकमावरून पोट चिरून जीव द्यावा लागला. सत्ता दाराबाहेर राहत नाही, हेच खरे.

१८६८ नंतर मेइजी राजवटीत सरदारक्या गेल्या. १८७६ मध्ये सामुराईंना तलवार बाळगण्यावरही बंदी आली. चहागुरूंचा आश्रय तुटला आणि पाश्चात्त्य चालीरीतींच्या ओढीत ही कला मागासलेली ठरू लागली. तिला आधार मिळाला तो मुलींच्या शाळांत. आतोमी काकेई या शिक्षिकेने १८७५ मध्ये टोक्योत काढलेल्या शाळेत चहाविधी हा शिकवण्याचा विषय होता. तोशिकाताची चित्रे याच बदलानंतरची आहेत.

अर्थात याला दुसरी बाजूही आहे. ‘चांगली पत्नी, सुज्ञ माता’ घडवणे हा त्या काळच्या स्त्रीशिक्षणाचा घोषित आदर्श होता. चहाविधी शिकणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया झाल्या, तरी चहाघराण्यांच्या गाद्या पुरुषांकडेच राहिल्या.

चित्रांचेही तसेच झाले. चित्रकार आकृती काढी. मग कोरक्या ती चेरीच्या लाकडावर कोरी, प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा करी आणि छापणारा हाताने घासून कागदावर उतरवी. चित्रावर नाव मात्र बहुतेकदा चित्रकाराचे आणि प्रकाशकाचे.

परंपरेचा अभिमान आपण सगळेच बाळगतो. तो बाळगताना एवढे तरी विचारावे: ती पडत्या काळात कोणी सांभाळली, आणि मान कोणाला मिळाला?